डावीकडची माणसं

अंधेरीच्या ऑफिसात माझी बदली झाली त्या दिवशी त्यांनी मला आधी वजन विचारलं आणि मग नाव. मी नुकतीच हजेरी लावून माझं टेबल शोधत होते. समोरचे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत वावगं काही नव्हतं. मासळीबाजारात बायका पापलेट उचलून हातावर तोलतात, तेवढाच रस तिच्यात होता.

"पासष्ट असेल ना?" ते म्हणाले.

"काय पासष्ट?"

"वजन."

मी मुलुंडची. आमच्याकडे असलं काही ऐकून घ्यायची पद्धत नाही. "तुम्हाला काय करायचंय माझ्या वजनाचं?" मी विचारलं.

"डावीकडं बसवायचंय," असं म्हणून ते फाईलमध्ये डोकं घालून कामाला लागले.

शेजारच्या टेबलावरची मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, मनावर घेऊ नका. तांडेल सगळ्यांनाच विचारतात. मॅनेजरसाहेबांनासुद्धा सोडलं नाही त्यांनी."

तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. यांचे वडील खरेखुरे तांडेल होते, मढच्या कोळीवाड्यातले. हे मात्र पंचविशीतच जाळं सोडून आमच्या विमा कंपनीत चिकटले आणि क्लेमचे कागद तपासत म्हातारे झाले. तांडेल ही पदवी ऑफिसनं दिलेली, पण ती त्यांनी बढतीपेक्षा जास्त आनंदानं मिरवली. रोज सकाळी मढहून फेरीबोटीनं वर्सोव्याला उतरायचे आणि रिक्षानं ऑफिसात यायचे. शर्ट कडक इस्त्रीचा, पायात रबरी चप्पल. बूट टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असायचे. हेड ऑफिसचा कुणी साहेब आला तरच ते बाहेर निघत.

वजनाचं कोडं मला आठवडाभरानं उलगडलं. तांडेलांकडे एक मोटरबोट होती. तिच्यामागे उठणाऱ्या लाटेवर फळी टाकून ते लोकांना उभं राहायला शिकवायचे. याला वेकसर्फिंग म्हणतात, हे मला गुगलनं सांगितलं. कोळीवाड्यात त्याला नुसतं 'फली' म्हणत. नवशिक्यानं बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवर उठायचं, लाटेत नीट बसलं की दोरी सोडून द्यायची. मग बोट ओढत नाही, लाटच ढकलत नेते. पण ती लाट फुकट उठत नाही. बोट मागून एका अंगाला चांगली दबावी लागते. परदेशी बोटींत त्यासाठी पाण्याच्या टाक्या असतात. तांडेलांच्या जुन्या बोटीत टाक्या नव्हत्या, म्हणून ते माणसं भरायचे. सगळी डावीकडं.

ही बोट त्यांच्याकडे आली ती शूटिंगमुळे. मढला बंगल्या-बंगल्यांत शूटिंग चालू असतं. कुठल्याशा जाहिरातीसाठी ती बोट आणली होती, आणि फळीवर उभं राहायला एक गोरा पोरगा. खाडीतली वाट दाखवायला तांडेलांना बोलावलं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पोरानं गंमत म्हणून यांना फळी दिली, स्वतः बोट चालवली आणि हे उठले. दोरी धरून का होईना, पण उठले. काम संपल्यावर इंजिन बिघडलेली ती बोट यार्डात पडून राहिली. तांडेलांनी ती मिळवली, दुरुस्त केली, नारळ फोडून पाण्यात घातली. तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या खाडीत, आपल्या लाटेवर, एकदा दोरी सोडून उभं राहायचं होतं. बाकी आयुष्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

ऑफिसात कुणी डाएट सुरू केलं की त्यांचा चेहरा उतरायचा. अकाउंट्समधल्या एका जाडजूड गृहस्थांनी सकाळचं चालणं सुरू केलं, तेव्हा तांडेलांनी त्यांच्यासाठी दोन आठवडे डबाभर तळलेली मांदेली आणली. तो माणूस बिचारा समजला की हे प्रेम आहे. लिफ्टमध्ये शिरले की ते माणसं सरकवायचे. "तू मागं ये. तुम्ही जरा इकडं." लिफ्टला काय फरक पडतो म्हणून मी एकदा विचारलं. "सवय राहते," ते म्हणाले.

शिकवतानाही त्यांच्यातला क्लेमवाला सुटला नव्हता. शिकणारा आपटला की बोटीतून आवाज यायचा, "नामंजूर." पाठोपाठ कारण. "दोरी ओढलीस. नामंजूर." "खाली बघितलंस. नामंजूर." वर अपील चालायचं नाही. अमुक जमेल का, तमुक बघू या, अशी भाषा त्यांना सहन होत नसे. मी डावीकडं बसायला म्हणून गेले आणि फळी शिकायलाच लागले. पहिल्यांदा जेट्टीवर उभी राहून मी म्हटलं, "मला जरा भीती वाटतेय." त्यांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "मग इथंच घाबरून घे. आम्ही थांबतो. पाण्यात तेवढा वेळ मिळत नाय." सगळी बोट खरंच थांबली. भरलेली बोट आपल्या घाबरण्याची वाट बघत असेल तर माणसाला घाबरता येत नाही, हे मला तिथं कळलं.

बोटीत ऑफिसातलं क्वचितच कुणी असायचं, बाकी सगळ्या कोळीवाड्यातल्या बायका. रविवारी मासळी विकून झाली की हवा खायला यायच्या आणि डाव्या बाकावर ओळीनं बसायच्या. त्यांच्यात तांडेलांची बायको, जिला सगळे काकी म्हणत. नाकात मोठी नथनी, आवाज खणखणीत, आणि वजनाच्या बाबतीत नवऱ्याचा पूर्ण विश्वास संपादन केलेला. अगदी मागची कोपऱ्यातली जागा तिची. लाट तिच्या बाजूनं फुटायची, आणि ती तिकडे पाठ करून बसायची, लाकडी कठड्याला टेकून.

मला पाण्यात सोडायच्या आधी तिनं अंगणात बसवलं होतं. तांडेल मला समजावत होते की पुढच्या पायावर भार दिला की फळी पळते, मागच्यावर दिला की थांबते. मला काही उमजत नव्हतं.

"विळीवर बसतेस ना? तसंच," ते म्हणाले.

"मी ओट्यावर सुरीनं कापते," मी म्हटलं.

ते हताश होऊन बायकोकडे बघत राहिले. "मुलुंड," एवढंच म्हणाले. काकीनं विळी आणली, माझ्यापुढे कोलंबीची टोपली ठेवली आणि माझा गुडघा धरून पाय विळीच्या पाटावर दाबला. "हा हालला तर बोट कापेल," ती म्हणाली. अर्धी टोपली सोलून होईपर्यंत माझ्या त्या पायाला अक्कल आली. उरलेली अर्धीही तिनं माझ्याकडूनच सोलून घेतली, पण ती शिकवणीत धरलेली नव्हती.

पाण्यात पहिली गोष्ट म्हणजे काहीच करायचं नसतं. पाठीवर तरंगायचं, टाचा फळीच्या कडेवर ठेवायच्या, गुडघे छातीशी, हात सरळ. बोट निघाली की पाणी अंगावर चालून येतं आणि आपण हटकून दोरी ओढतो. ओढली की तोंडभर खारं पाणी. मी ते पुष्कळ प्यायले. दर वेळी बोट वळसा घालून सावकाश जवळ यायची आणि डावीकडच्या बायका कठड्यावरून वाकून माझं निदान करायच्या. "हात वाकवतंय ती." "ढुंगण जड हाय." "नाय गं, शिकलेली हाय ना, इचार करतंय." तांडेल मात्र कधी चिडले नाहीत. "उभं राहायची घाई करू नको," ते सांगायचे. "बोट तुला उभं करील. तू फक्त मधी येऊ नको."

एका रविवारी मी खरंच मधे आले नाही. पाण्यानं मागून ढकललं, टाचांखाली फळी टणक झाली आणि खाडी एकदम खाली गेली. मी उभी होते. कोपऱ्यात काकीची पाठ, तिच्या शेजारी बायकांचे हसरे चेहरे, पायाखाली हिरवट काचेसारखी लाट. दोरी माझ्या हातात सैल पडली. मी ती बोटीत फेकून दिली आणि मोठ्यानं काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. पुढच्या क्षणी मी पाण्यात होते, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मी वर आले तेव्हा तांडेल इंजिन बंद करून माझ्याकडे बघत होते. "मंजूर," ते म्हणाले. मग म्हणाले, "कसं वाटलं? लाट ढकलते ना? हात लावल्यासारखी?"

हा प्रश्न मला लागला. ज्यांनी मला सगळं शिकवलं, ते मला विचारत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस सगळ्यांना दोरी सोडायला लावतो आणि स्वतः कायम बोट चालवत असतो.

असं नव्हतं की त्यांनी दुसऱ्याला बोट दिली नाही. कोळीवाड्यात बोट चालवणाऱ्यांची काय कमी? त्यांचे चुलतभाऊ, मेहुणे, सगळे रोज समुद्रात जाणारे. एकेकाला त्यांनी बसवून पाहिलं आणि प्रत्येक जण एकाच जागी चुकला. तांडेल पाण्यातून उठायला लागले की त्यांच्या भारानं दोरी ताणायची, आणि चालवणाऱ्याचा हात आपसूक वेग कमी करायचा. वेग गेला की लाट गेली, लाट गेली की तांडेल बुडाले. मी एका चुलतभावाच्या वेळी बोटीत होते.

"अरे कमी का केलास?" तांडेल पाण्यातून ओरडले.

"दोरी जड झाली," तो म्हणाला.

"जड होनारच. मी लटकलोय तिला."

"ते मना म्हाईत हाय. हाताला म्हाईत नाय."

जन्मभर जाळं ओढलेला हात होता तो. दोरी जड झाली म्हणजे जाळं भरलं, नाहीतर खडकात अडकलं. दोन्ही वेळा इंजिन सैल सोडायचं, नाहीतर जाळं जातं. बापानं शिकवलेलं, मनगटात मुरलेलं. "मी ऑफिसात बसून बिघडलो म्हणून मला जमतं," तांडेल म्हणायचे. "हे बिघडलेले नायत."

मग त्यांचे गुडघे गेले. दोन्ही. डॉक्टरनं बदलायला सांगितले आणि शिमग्यानंतरची तारीख ठरली. नवीन गुडघ्यांनी चालता येईल, जिने चढता येतील, पण फळीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला. ही बातमी त्यांनी ऑफिसात चहा पिताना सांगितली, दुसऱ्या कुणाचे गुडघे असल्यासारखी. मला वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "वर्सोव्याला सोडतेस का? रिक्षापर्यंत चालवत नाय आज." मी रोज मुलुंडहून गाडीनं येते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जिनं आयुष्याचा तुकडा घालवलाय, तिला वर्सोवा म्हणजे काही लांब नाही. वाटेत ते माझ्या हातांकडे बघत होते. मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. एक रिक्षा माझ्या आरशाला घासून गेली. बाजूच्या बाइकवाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली. मी माझ्या वेगानं चालले होते. कोण मागून किती बोंबलतो याचा विचार मी केव्हाच सोडून दिलाय.

जेट्टीवर उतरताना त्यांनी दारातून आत वाकून बघितलं. "तू कधी जालं ओढलंस?"

"मी? मी मासे गळानंसुद्धा पकडले नाहीत."

"रविवारी बोट तू चालवायची," ते म्हणाले आणि लंगडत फेरीबोटीकडे गेले. मला जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या सहवासात तो शब्दच माझ्या भाषेतून गेला होता.

पुढचे काही रविवार त्यांनी मला नुसतं सरळ चालवायला लावलं. मागे दोरीला बांधलेलं पाण्याचं पिंप, डावीकडं बायका, आणि ते माझ्याशेजारी उभे. पिंपाच्या ओढीनं दोरी कण्हायला लागली की ते माझ्या हाताकडे बघत. हात हलत नाही असं दिसलं की पुढे बघत. एकच नियम त्यांनी दिला: "चालवनाऱ्यानं मागं वळायचं नाय. आरसा हाय. आरशात बघ, पण थोडंच."

शिमग्याच्या आधीच्या रविवारी भरती सकाळीच होती. वारा नव्हता. खाडीचं पाणी तेलासारखं पडलं होतं. वाड्यातल्या जरा जास्तच बायका आल्या, कारण बातमी सगळीकडे गेली होती. आज लाट मोठी उठणार होती. तांडेलांनी गुडघ्यांना पट्टे बांधले, जाकीट चढवलं आणि मला म्हणाले, "दोरी जड झाली तरी?"

"चालवायची."

"बायका ओरडल्या तरी?"

"चालवायची."

"मी ओरडलो तर?"

"तुमचं तर ऐकणारच नाही."

ते खूश होऊन पाण्यात उतरले.

मी वेगाचा दांडा पुढे नेला. दोरी ताणली, बोट मागून दबली, आरशात पाण्याचा ढीग दिसला आणि त्या ढिगातून तांडेल वर आले. गुडघे पूर्ण सरळ होत नव्हते, माणूस खुर्चीवरून अर्धवट उठल्यासारखा दिसत होता, पण हात सरळ होते आणि मान ताठ. लाटेनं त्यांना घेतलं. दोरी सैल झाली. त्यांनी ती क्षणभर तशीच धरून ठेवली. मग हात उघडला आणि दोरी बाजूला टाकली.

डावीकडच्या बायका एकदम उठल्या. कुणी टाळ्या, कुणी शिट्टी, कुणी त्यांना बघायला मधल्या बाकावर चढली. बोट सरळ झाली. आरशात लाट खचताना दिसली आणि तांडेल मागे पडायला लागले.

"बसा गं," काकी गरजली. "डावीकडं बसा. एकीनं उठायचं नाय." बायका धपाधप बसल्या. बोट परत दबली, लाट परत फुगली. काकी स्वतः हलली नव्हती. कोपऱ्यात लाटेकडे पाठ करून, कठडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. वळून बघितलं तर आपला भार हलेल, एवढं तिला पुरेपूर ठाऊक होतं.

"उभा हाय का?" तिनं मला विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"दोरी?"

"सोडली."

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती समोर मढच्या किनाऱ्याकडे बघत राहिली. मी आरशात बघितलं. तांडेल लाटेच्या पोटात शिरून पुन्हा वर येत होते, दोन्ही हात पसरून. तोंड उघडं होतं आणि ते हसत होते. ऑफिसात इतक्या दिवसांत मी त्यांचे सगळे दात कधी पाहिले नव्हते.

मी समोर बघितलं. खाडीत पुढे पाण्यावर जाळ्याचे बोये तरंगत होते, ओळीनं, आडवे. रोज ते जाळं बरंच पलीकडे असायचं. वळवलं तर लाट तुटणार होती. सरळ गेलं तर जाळं बोटीच्या पंख्यात जाणार होतं. खाडीत दुसऱ्याच्या जाळ्यावरून बोट नेणं म्हणजे वाड्यात तोंड दाखवायची सोय राहत नाही, एवढं मलाही शिकून झालं होतं. इतके दिवस न हललेला माझा हात तेव्हा दांड्यावर मागे सरकायला लागला.

काकीला ते दिसलं. तिनं बोये बघितले, त्यांचा रंग बघितला.

"थांबू नको," ती म्हणाली. "माझं जालं हाय. दिरानं आज आत टाकलंय."

"काकी, फाटेल ते."

"फाटलं तर शिवीन मी. तू चालव."

मी चालवलं. बोये जवळ आले, बोटीखाली गेले, काही क्षण काहीच झालं नाही आणि मग पंख्याला जाळं गुंडाळल्याचा घरघराट झाला. इंजिन खोकून बंद पडलं. बोट पाण्यात बसली. आरशात तांडेल उरल्यासुरल्या लाटेवरून तसेच पुढे आले, अगदी बोटीच्या अंगाला, आणि लाट विरली तेव्हा हळूच पाण्यात बसले.

डोक्यावरून पाणी निथळत, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून तांडेलांनी पंख्याला अडकलेले बोये बघितले आणि त्यांचं हसू गेलं.

"जालं कुनाचं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"माझं," काकी म्हणाली, आणि कठडा सोडून तिनं वळून त्यांच्याकडे बघितलं.